कापसाचा बर्फ, भाताचा पेंढा

डिसेंबर लागला की गावोगावच्या स्टेशनरीच्या दुकानांत कापसाच्या गुंडाळ्या आणि चमकीच्या पुड्या पुढच्या फळीवर येतात. शेजारी थर्माकोलचे गोळेही असतात. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, हे गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही सोयीस्कर विसरलेले असतात. शाळेच्या गटावर ‘विंटर क्राफ्ट’चा निरोप येतो तो रात्री नऊला, आणि वस्तू जमा करायची असते दुसऱ्या दिवशी सकाळी. मग आई कापूस चिकटवते, बाबा मोबाइलवर नमुना शोधतात आणि ज्याच्या नावाने हे सगळं चाललेलं असतं तो मुलगा केव्हाच झोपलेला असतो. सकाळी गाजराच्या नाकाचा हिममानव रिक्षात बसून शाळेत जातो.

इगतपुरी तालुक्यातल्या घोटीत बर्फ पडत नाही.

नाशिक जिल्ह्याची बर्फाशी ओळख आहे ती धास्तीची. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडचा पारा दोन अंशांच्या आसपास उतरला, दव गोठलं आणि द्राक्षबागायतदारांनी रात्रभर बागांत शेकोट्या पेटवून घड वाचवायची धडपड केली. तेव्हा इथल्या मुलाने कापसाचा बर्फ करण्यात पाप काही नाही, पण त्याच्या हिवाळ्याशी त्याचा संबंधही काही नाही. आणि मुलांबरोबर घरी बसून करण्याजोग्या हिवाळी वस्तूंचा विषय निघतो तेव्हा हा संबंधच कामाचा असतो. सामान कुठून आलं हे मुलाला दिसलं आणि केलेली वस्तू घरात वापरली गेली, तर ते काम त्याच्या लक्षात राहतं. नाहीतर आठवडाभर कपाटावर धूळ खाऊन ते केरात जातं.

गंमत अशी की खऱ्याखुऱ्या बर्फाच्या देशांतही हिवाळी हस्तकला बऱ्याचदा बर्फातून येत नाही, सुगीतून येते. स्वीडनमध्ये नाताळाला पिकाच्या काडाचा बोकड करतात, लाल फितीने बांधून घरात ठेवतात. येव्ले नावाच्या शहरात (नाव वाचून येवल्याच्या आठवणीने नाशिककर चमकतील) १९६६ पासून भर चौकात सुमारे तेरा मीटर उंचीचा असा बोकड उभारतात आणि कुणीतरी तो गुपचूप पेटवून देण्याचा प्रकार तिथे इतक्यांदा घडला आहे की जगभर त्याच्या बातम्या होतात. नॉर्वे-स्वीडनमध्ये ओटची पेंडी खांबाला बांधून पाखरांना ठेवतात. जपानमध्ये नव्या वर्षाला दारावर जो शिमेनावा लावतात, तो तर आपल्या ओळखीच्या भाताच्या पेंढ्याला पीळ देऊन केलेला दोर. पीक घरात आलं, शेतात कामं कमी झाली, हात मोकळे झाले आणि काड उरलं, की माणसं काहीतरी वळत बसतात. सगळीकडे असंच घडत आलं आहे.

या हिशेबाने घोटीइतकं संपन्न गाव शोधून सापडायचं नाही. इगतपुरी तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि भात हे इथलं मुख्य पीक. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या या बाजारपेठेचं नाव झालं ते तांदळामुळे आणि भाताच्या गिरण्यांमुळे. कापणी-झोडणी आटोपली की खळ्यावर पेंढा रचला जातो, गिरणीमागे तुसाचे ढीग लागतात. स्टेशनरीच्या दुकानात पन्नास-शंभर रुपये मोजायच्या आधी आईबापांनी या ढिगांकडे एकदा पाहावं.

पेंढ्यापासून सुरुवात करावी, कारण त्यात सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. सुका पेंढा वाकवला की मोडतो. तो अर्धा तास पाण्यात बुडवून, निथळवून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला की नरम पडतो. मग आठ-दहा काड्यांचे दोन पदर घ्यायचे. त्यांची एका बाजूची टोकं एकत्र बांधून पायाच्या अंगठ्यात अडकवायची किंवा दुसऱ्या कुणाला धरायला द्यायची. प्रत्येक पदराला उजवीकडे पीळ द्यायचा आणि दोन्ही पदर एकमेकांवर डावीकडे वळवत न्यायचे. पदराचा पीळ सुटायला बघतो, जोडीचा उलटा पीळ त्याला अडवतो आणि दोर हातातून सोडला तरी उलगडत नाही. दोन्ही पीळ एकाच दिशेने दिले, तर सगळं भसकन सुटतं. मुलांना हे मुद्दाम करून बघू द्यावं. काड्या संपत आल्या की नव्या खुपसायच्या, पण सगळ्या एकाच ठिकाणी नाही. तशा खुपसल्या तर दोर नेमका तिथेच तुटतो. हातभर दोर झाला की त्याचं कडं करायचं, त्याभोवती आणखी पेंढा गुंडाळायचा आणि चुंबळ तयार. डोक्यावर हंडा नेणाऱ्या बायकांची चुंबळ आता घरातून गेली असेल, पण माठ टेकवायला, चुलीवरचं किंवा गॅसवरचं गरम पातेलं उतरून ठेवायला तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही.

एक सूचना: पेंढा हा गुरांचा चारा आहे. शेतकऱ्याला विचारून मूठ-दोन मुठी आणावा, भारा नाही.

त्याहून सोपं म्हणजे लोंब्यांचं तोरण. दाण्यांसकट भाताच्या लोंब्यांच्या लहान लहान जुड्या सुतळीवर बांधत जायचं आणि दाराला किंवा गॅलरीत टांगायचं. पाच वर्षांच्या मुलीलाही हे जमतं. चार-आठ दिवसांत चिमण्या तोरणाचा फडशा पाडतात आणि वस्तू टिकली नाही म्हणून कुणी हळहळत नाही, कारण ती खाण्यासाठीच टांगलेली असते.

तुसाचं काम मातीशी. दिवाळीत मुलं किल्ला करतात, आणि हल्ली बाजारात प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्लेही मिळतात, त्यावर न बोललेलं बरं. मातीचा किल्ला दोन दिवसांत तडकतो ही मुलांची नेहमीची तक्रार. चिकणमाती वाळताना आकसते म्हणून ती फुटते. त्यात मूठ-मूठ तूस किंवा बारीक चिरलेला पेंढा मळला की आकसणारी माती धरून ठेवली जाते आणि भेगा कमी पडतात. कुडाच्या भिंती लिंपणाऱ्या बायकांना हे ठाऊक असतंच. मग किल्ला कोणता करायचा? रायगड-प्रतापगड सगळेच करतात. घोटीच्या मुलांना तर घराबाहेर पडलं की डोंगररांगच समोर आहे: १६४६ मीटरचं कळसूबाई, त्याच रांगेत अलंग, मदन, कुलंग, आणि पुढे पट्टा. जालन्याच्या स्वारीहून परतताना १६७९ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराज पट्ट्यावर विसावले, म्हणून त्याला विश्रामगड म्हणतात. ही गोष्टही हिवाळ्यातलीच. कुलंगवरची खडकात खोदलेली पाण्याची टाकी, मदनच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या हे सगळं मातीत करायला फार मजेचं आहे. फोटो पाहून नाही, एखाद्या रविवारी भंडारदऱ्याच्या रस्त्याने जाऊन डोंगराचा आकार डोळ्यांत साठवून आलेल्या मुलाचा कुलंग वाकडा झाला तरी ओळखू येतो.

चिकटवायला फेव्हिकॉलच लागतो हा समजही या भातगावाला शोभत नाही. दोन शितं बोटाने चिरडली की कागदाला कागद बसतो. चिकट शिजणारा इंद्रायणी असेल तर फारच छान. तांदळाच्या पिठाची खळ हे त्याचंच थोडं मोठं रूप.

ही खळ लागते पतंगाला. पतंगाचं खरं पीठ नाशिक जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, येवल्यात. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस ते गाव गच्च्यांवर असतं, खाली हलकडी वाजत असते. येवलेकरांची आसारी, म्हणजे बांबूच्या काड्यांची हलकी, हातात गरगर फिरणारी दोऱ्याची फिरकी, ही तिथल्या कारागिरांची खासियत. अशी आसारी घरी जमणार नाही, ते वर्षानुवर्षांच्या हाताचं काम. पतंग मात्र जमतो. चौकोनी पतंगी कागद, कोनातून कोनात एक ताठ कामटी आणि तिच्यावर धनुष्यासारखी वाकवलेली एक बारीक कामटी. बांबू फाडायचं आणि तासायचं काम मोठ्यांनी करावं, कोयता मुलांच्या हाती देऊ नये. वाकणारी कामटी दोन्ही बाजूंना सारखी तासली गेली आहे का, हे बोटावर तोलून बघायचं काम मुलांचं. एक बाजू जड राहिली की पतंग त्याच अंगाला गिरक्या खातो. मग कागदाची शेपटी लावा, लांबी कमी-जास्त करा, पुन्हा उडवा. शाळेत समतोलाचा धडा यायच्या आधीच तो धडा गच्चीवर होऊन जातो.

दोरा साधा सुती असावा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तरी दर जानेवारीत नाशिकमध्ये पोलीस तो जप्त करतात आणि दुचाकीस्वारांचे गळे कापल्याच्या बातम्या येतात. ज्याने दोन संध्याकाळी खपून पतंग केला आहे, त्याला तो काटाकाटीत घालवण्यापेक्षा उडता ठेवण्यात जास्त रस असतो. असल्या मुलाला नायलॉनचा मोह कमी पडेल, असं मानायला जागा आहे.

संक्रांतीचाच दुसरा उद्योग हलव्याच्या दागिन्यांचा. हलवा घरी करणं हे धीराचं काम आहे. मंद आचेवरच्या परातीत तीळ किंवा खसखस, त्यावर थेंब थेंब साखरेचा पाक, आणि बोटांनी सतत फिरवणं. कोरड्या थंडीत काटा छान येतो, हे जुन्या बायका सांगतात. गरम परात आणि पाक यांपासून लहान मुलांना दूरच ठेवावं आणि हलवा सरळ विकत आणावा. दागिने करायला मात्र मुलांना बसवावं. दाणा टणक असल्याने सुईने भोक पाडायला गेलं की फुटतो. तो दोऱ्याच्या दोन पदरांत धरून दोन्ही बाजूंना गाठ मारायची, पुढचा दाणा, पुन्हा गाठ. अशी माळ पुठ्ठ्यावर चिकटवली की मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा. नव्या सुनेला आणि बोरन्हाणाच्या बाळाला हे दागिने घालतात. मोठ्या भावंडाने केलेला मुकुट धाकट्याच्या डोक्यावर चढतो आणि वरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे पडतात, तेव्हा वस्तू कशासाठी केली हे वेगळं सांगावं लागत नाही. बाजारात ऑनलाइन मिळणारे तयार संच देखणे असतात. त्यांत गाठी सारख्या असतात, एवढाच फरक.

आणि थंडी म्हटली की गोधडी. पूर्ण गोधडी मुलांच्या आवाक्याबाहेरची, पण हातभर लांबी-रुंदीचं बसकर त्यांना जमतं. जुन्या लुगड्याचे दोन-तीन थर, कडेला ठिगळांच्या पट्ट्या आणि सरळ धावदोरा. सुई जाडसर, टोक बोथट. पहिली ओळ नागमोडी जाते, पाचवी बऱ्यापैकी सरळ येते. उसवून पुन्हा घालायचा आग्रह धरू नये, त्या नागमोडी ओळीवरूनच पुढे किती सुधारणा झाली ते दिसतं.

यात कुणी नवा शोध लावल्याचा दावा करू नये. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम मांडलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताई वाघ त्यात आयुष्यभर राहिल्या. महागडी परदेशी साधनं आदिवासी पाड्यांवर परवडणार नव्हती, म्हणून बिया, खडे, पानं, शिंपले हीच तिथली साधनं झाली. पुण्यात आयुकाच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून खेळणी केली, आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपण या माणसांचे सत्कार उत्साहाने करतो आणि घरी येऊन मुलांना तयार संच मागवून देतो.

यावर रास्त आक्षेप आहे तो वेळेचा. घोटीच्या आसपासचे कितीतरी आईबाप गोंदे-वाडीवऱ्हेच्या कारखान्यांत पाळीने कामाला जातात, कुणी रोज नाशिक गाठतात. त्यांना संध्याकाळी पेंढा भिजवत बसा म्हणणं सोपं, करणं अवघड. पण ही कामं येणारी माणसं बहुतेक घरांत किंवा शेजारी आहेतच: दोर वळणारे आजोबा, गोधडी शिवणारी आजी. त्यांना मोबाइल नीट वापरता येत नाही म्हणून नातवंडं हसतात. पीळ उलटा का द्यायचा हे विचारायला ती त्यांच्याचकडे जातील, आणि आईबापांनी तेवढा वेळ मध्ये न पडलेलंच बरं.

शाळांनाही मार्ग आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत, सुतारकाम, मातीकाम, बागकाम अशी कामं स्थानिक कारागिरांकडून शिकण्यासाठी. त्यातला एक दिवस खळ्यावर, एक भातगिरणीत, एक गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या ओट्यावर गेला, तर साहित्याला फारसा खर्चही येणार नाही. शिकवणाऱ्याला मानधन मात्र जरूर द्यावं. संगणकाच्या प्रशिक्षकाला पैसे द्यायचे आणि दोर वळणाऱ्या म्हाताऱ्याला नारळ देऊन वाटेला लावायचं, हे चालू नये.