कादंबरीतलं भयाण भविष्य आणि आपल्याकडच्या बाया

थोडं लांब लिहितेय. निवांत वेळ असेल तेव्हा वाचा आणि पटलं नाही तर तसंही सांगा.

इंग्रजीत 'डिस्टोपिया' नावाचा कादंबऱ्यांचा एक प्रकार आहे. पुढच्या काळातलं जग, पण सगळं बिघडलेलं. पाणी नाही, हवा विषारी, माणसांवर पहारा. मराठीतही नंदा खरे यांनी 'उद्या' लिहिली. तिला साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, तो त्यांनी नाकारला. आपल्या भागातली कॉलेजची पोरंसुद्धा असले सिनेमे, मालिका मोबाईलवर बघतात. त्यामुळे हा विषय काही फक्त पुण्या-मुंबईच्या प्राध्यापकांचा राहिलेला नाही.

या गोष्टींमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मार्गारेट अ‍ॅटवुड यांची 'द हँडमेड्स टेल' (१९८५) घ्या. प्रदूषणामुळे मुलं जन्माला येणं कमी झालंय, म्हणून ज्या बायांना मूल होऊ शकतं त्यांना राज्यकर्ते ताब्यात घेतात. ज्या त्यांच्या कामाच्या नाहीत, त्यांना विषारी कचरा साफ करायला पाठवतात. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५) हा सिनेमा घ्या. एकच माणूस सगळं पाणी धरून बसलाय, आणि त्याच माणसाने बाया कोंडून ठेवल्यात. प्रयाग अकबर यांच्या 'लैला' (२०१७) या कादंबरीवर २०१९ मध्ये मालिका आली. तिच्यात सुरुवातीलाच पाण्यावरून घरावर हल्ला होतो, बाईला उचलून नेतात, तिची मुलगी हिरावून घेतात.

म्हणजे पाणी आणि जमीन बळकावणारा जो असतो, तोच बाईच्या अंगावर आणि कष्टावर हक्क सांगतो. या विचाराला 'इकोफेमिनिझम', मराठीत पर्यावरणीय स्त्रीवाद म्हणतात. फ्रान्समधल्या फ्रान्स्वाज द'ओबोन यांनी १९७४ मध्ये हा शब्द वापरला. आपल्याकडे वंदना शिवा यांनी तो पोचवला.

आता माझा मुद्दा. समीक्षक म्हणतात, या कादंबऱ्या म्हणजे भविष्याचा इशारा. डहाणू-तलासरीत बसून वाचलं तर हे थोडं विचित्र वाटतं. आपल्याकडे यातलं बरंचसं होऊन गेलंय.

गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचा. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचं आणि मग नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबत राहायचं, याला लग्नगडी म्हणत. कर्ज नवऱ्याच्या नावावर, राबायचं दोघांनी. जमीन सावकाराकडे गेली, जंगल सरकारकडे गेलं, आणि मालकाची नजर बाईवरही असायची. तिला नाही म्हणायची सोय नव्हती. अ‍ॅटवुडबाईंनी कल्पना करून लिहिलं. आपल्या आज्या-पणज्यांनी ते भोगलं. २३ मे १९४५ ला तलासरीतल्या झरीला परिषद झाली, तिथून वेठबिगार मोडायला सुरुवात झाली. त्याच वर्षी गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला, १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड हुतात्मा झाले. हुतात्म्याचं नाव आपल्याला पाठ आहे, असायलाच हवं. पण त्या संपात विळा खाली ठेवणाऱ्या बायांपैकी एकीचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का?

दुसरं उदाहरण अलीकडचं. डहाणूच्या औष्णिक वीज प्रकल्पाविरुद्ध नर्गिस इराणी आणि किट्यू रुस्तम या दोन बायांनी वर्षानुवर्षं लढा दिला. २० जून १९९१ ला केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं. त्याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला नाही म्हटलं. वीज प्रकल्प काही थांबला नाही, पण तिथल्या धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवावी लागली ती याच रेट्यामुळे. डहाणूचा आजचा हिरवा पट्टा कोणामुळे टिकला हे सांगताना या दोघींची नावं घ्यायलाच हवीत.

आता आजचं बघा. त्याच वाढवणला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी, समुद्रात भराव १,४४८ हेक्टर. सरकार म्हणतं बारा लाख रोजगार येतील. रोजगार नको असं कोण म्हणेल? तलासरीच्या कितीतरी पोरी रोज पहाटे टेम्पोत दाटीवाटीने उभ्या राहून उंबरगावच्या कंपन्यांत जातात. त्यांना जवळ चांगलं काम मिळालं तर कोणाला वाईट वाटेल? पण मासेमाराचं नुकसान मोजताना बोटीचा परवाना बघतात. बोंबील वाळत घालणारी, पाटी घेऊन बाजारात बसणारी बाई कोणत्या कागदावर आहे? तिचा परवाना कुठला?

सूर्या नदीचंही तेच. धामणीचं धरण या भागातल्या शेतीसाठी म्हणून बांधलं. आता वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी रोज ४०३ दशलक्ष लिटर पाण्याची योजना त्याच धरणावर आहे. शहरातल्या माणसांनाही पाणी लागतं, त्यांच्याशी भांडण नाही. पण धरणाच्या जिल्ह्यातल्या पाड्यावर एप्रिल-मेमध्ये डोक्यावर हंडा कोणाच्या असतो? पाणी वळवायचं ठरलं तेव्हा तिला कोणी विचारलं होतं?

आता थोडं दुसऱ्या बाजूने. पर्यावरणवाल्या मंडळींचं एक मला खटकतं. बाई म्हणजे निसर्ग, बाई म्हणजे धरतीमाता, आदिवासी बाई तर जंगलाची लेक. पोस्टरवर छान दिसतं. पण यातून अर्थ असा निघतो की जंगल सांभाळणं हे तिचं जन्मजात काम, मग त्याची मजुरी कशाला आणि हक्क कशाला? अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी १९९२ मध्येच हे दाखवून दिलं. बाईचं जंगलाशी नातं तिच्या स्वभावातून येत नाही, तिच्या रोजच्या कामातून येतं, आणि जमीन कोणाच्या नावावर आहे यावर ते अवलंबून असतं.

पहिल्या पावसाला शेवळं निघतात. नुसती खाल्ली तर घसा खाजतो, बरोबर काकडं घालावी लागतात. कुठल्या बांधाला ती निघतात, किती काढायची, किती मागे ठेवायची, हे आपल्या बायांना पक्कं माहीत असतं. ते त्यांनी आई-आजीबरोबर रानात फिरून शिकलेलं ज्ञान आहे. आपण मात्र त्याला 'निसर्गाची ओढ' म्हणून मोकळे होतो.

म्हणून मला ऑक्टेव्हिया बटलर यांची 'पॅरेबल ऑफ द सोअर' जास्त जवळची वाटते. ती लिहिली १९९३ मध्ये, गोष्ट सुरू होते २०२४ मध्ये. पाणी पेट्रोलपेक्षा महाग झालंय. पंधरा वर्षांची एक काळी मुलगी खाता येणाऱ्या रानवनस्पतींची माहिती वाचून ठेवते, पळून जायची वेळ आलीच तर म्हणून पिशवीत बियाणं बांधून ठेवते, आणि पुढे माणसं जमवून नवी वस्ती उभी करते. तिला कोणी देवी करत नाही. तिला माहिती आहे आणि ती निर्णय घेते, बस.

निर्णय घ्यायची जागा आपल्याकडे कायद्याने दिलेली आहे. डहाणू-तलासरी पेसा क्षेत्रात येतात. मुख्य ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते. वनहक्क कायद्यात (२००६) वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचा, असं स्पष्ट लिहिलंय. वनहक्काच्या ग्रामसभेत हजर असलेल्यांपैकी किमान एक तृतीयांश बाया हव्यात, असा नियम २०१२ च्या दुरुस्तीत आहे. पण कित्येक ठिकाणी महिला ग्रामसभा रजिस्टरमध्येच होते. घरोघर सह्या-अंगठे गोळा केले की झाली सभा.

आपल्या गावाचं नाव रानशेत. रानातलं आणि शेतातलं निम्म्याहून जास्त काम कोण करतं हे आवणीच्या दिवसांत कोणत्याही बांधावर उभं राहून बघा. मग तलाठ्याकडे जाऊन सातबारा बघा.

तर एवढंच करूया. पुढच्या ग्रामसभेच्या आदल्या दिवशी महिला सभा खरंच भरते का ते बघा. भरत नसेल तर ग्रामसेवकाला विचारा. घरी वनपट्टा असेल तर त्यावर दोघांची नावं आहेत का ते आज रात्रीच काढून बघा. बंदर, हायवे, पाणी, कुठलाही ठराव येवो, सही करण्याआधी तो सगळ्या बायांना मोठ्याने वाचून दाखवा असा आग्रह धरा.

आणि आश्रमशाळेतल्या, कॉलेजातल्या पोरींनो, पन्नास वर्षांनंतरचं रानशेत, झरी, वाढवण कसं असेल यावर तुम्हीच एक गोष्ट लिहा. वारली बोलीत लिहिलीत तरी चालेल. कोणी लिहिली तर इथे टाका, मी पहिली वाचेन.