दयेचे दुकान आणि हक्काची वर्गणी

अपंगांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेत निधी गोळा करण्याची पगारी नोकरी करणाऱ्या माणसाकडे आपला समाज संशयाने पाहतो. ‘आमचा रुपया अपंगाच्या हाती पडतो, की याच्या पगारात जातो?’ हा प्रश्न विचारला की आपण मोठे चोख व्यवहारी ठरलो असे देणाऱ्याला वाटते. माझे म्हणणे असे, की या प्रश्नानेच अपंगांचे फार नुकसान केले आहे.

तीनचाकी सायकल वाटली की फोटो निघतो. हार, शाल, पाहुणे, वर्तमानपत्रात दोन रकाने. पण ती सायकल ज्या कचेरीच्या पायऱ्यांशी अडते, त्या पायऱ्यांविरुद्ध केलेल्या अर्जाचा फोटो कोण छापणार? राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी सार्वजनिक जागा अपंगांना वावरण्याजोग्या व्हाव्यात म्हणून २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. निकाल २०१७ मध्ये लागला. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने २०१६ च्या कायद्याखालील नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत सक्तीचे नियम करण्यास केंद्राला बजावले. एकोणीस वर्षे! असल्या लढ्याला कागद, प्रवास, जाणकार माणसे आणि त्यांचे पगार लागतात. हा पैसा आभाळातून पडत नाही. कोणीतरी दारोदार फिरून तो आणावा लागतो.

आता दुसरी बाजू. हाच निधिसंकलक दयेचा व्यापार करू लागला तर? अमेरिकेत स्नायूंच्या विकारांनी ग्रस्त मुलांसाठी १९६६ पासून दर कामगारदिनाला विनोदी नट जेरी लुईस दूरदर्शनवर तासन् तास मदतीचे आवाहन करीत. कोट्यवधी डॉलर जमले. पण लहानपणी ज्यांचे चेहरे याच संस्थेच्या जाहिरातींवर झळकले होते, ते माइक एर्विन आणि त्यांची बहीण क्रिस मॅथ्यूज यांनीच १९९१ साली ‘जेरीज ऑर्फन्स’ नावाने त्याविरुद्ध निदर्शने सुरू केली. आम्हांला बिचारे ठरवून पैसे जमवाल, तर उद्या नोकरी कोण देईल, असा त्यांचा रोख होता. त्यात खोटे काय होते?

लुईस २०१० पर्यंत तो कार्यक्रम करीत राहिले. दया खपते, म्हणून ती विकली जाते. दोष विक्रेत्याचा आहेच. पण गिऱ्हाईक कोण? तुम्ही आणि मी. मुख्याध्यापक म्हणून माझ्या टेबलावर दरवर्षी मदतीची पत्रके येतात. कुबड्या घेतलेले केविलवाणे मूल प्रत्येकावर असते. ‘तुमच्या शाळेला रॅम्प आहे का?’ असे विचारणारे पत्रक मात्र आजवर एकही आलेले नाही. तसे पत्रक काढले तर पैसे येणार नाहीत, हे छापणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

सरकारही याच मापाने मोजते. परकीय देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. वस्तू वाटणाऱ्या संस्थेला हे जमेल. पण जिचे सारे भांडवल माणसे हेच आहे, तिने काय करावे? सरकारी कागदावर ‘अपंग’चे ‘दिव्यांग’ झाले. पायऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

लबाड संस्था नाहीत का? आहेत. त्यांचा ताळेबंद मागा, लेखापरीक्षकाची सही पाहा. पण निधिसंकलकाला त्याचा पगार विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. तुमच्या पत्रकावरच्या माणसाला विचारून त्याचे चित्र छापलेत काय? तुमच्या कार्यकारिणीत अपंग किती? आणि गेल्या वर्षी कोणता अडसर हटवलात? याची सरळ उत्तरे देणारा माणूस पगाराचा पुरता हक्कदार आहे, आणि हे काम आयुष्यभर करणाऱ्याची कारकीर्द कोणा प्राध्यापकाच्या वा वकिलाच्या कारकिर्दीहून उणी नाही.

गणपतीची वर्गणी मागणारा पोरगा खाली मान घालून उभा राहत नाही, कारण मांडव सर्वांचा असतो. सार्वजनिक इमारतीचा उंबरठाही सर्वांचाच आहे. म्हातारपण आपल्यालाही चुकलेले नाही. तेव्हा अपंगांच्या हक्कासाठी कोणी दारात आला, तर त्याला भीक घालू नका. वर्गणी द्या, आणि पावती मागून घ्या.