कळलावीला गडग्याच्या कडेची जागा द्यावी

भाद्रपदात चतुर्थीची माटवी बांधण्याची वेळ आली म्हणजे मालवण, देवगड, वेंगुर्ले या भागांत सड्यांच्या कडेने कळलावीची फुले शोधली जातात. गौरीच्या पूजेत तर त्यांस ‘गौरीचे हात’ असे नावच आहे. पूजेपुरती चार फुले तोडल्याने वेल मरत नाही. औषधी व्यापारासाठी कुदळ लावून कंद काढणे मात्र निराळे, आणि ते थांबलेच पाहिजे.

कळलावीचा कंद नांगरासारखा दुभंगलेला असतो. संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते यावरूनच. फुटव्याचा डोळा फक्त दोन्ही टोकांस असतो. टोक मोडले की तो कंद लागवडीस निरुपयोगी ठरतो. पावसानंतर वेल वाळून जातो व कंद पुढील मृगापर्यंत जमिनीत झोपून राहतो. बियांपासून केलेल्या रोपास फूल येण्यास तीन-चार वर्षे लागतात. म्हणजे घटकाभरात उपटलेला वेल भरून यावयास तितका काळ जातो. शिवाय व्यापारात मुख्य मागणी बियांना आहे. त्यांतील कोल्चिसीन हे द्रव्य संधिवाताच्या एका प्रकारावर, वातरक्तावर, वापरतात आणि १९३७ पासून पिकांचे नवे वाण काढण्याच्या कामीही ते आले आहे. बी घेता येत असता कंद उपटणे हे कोंबडी कापून अंडे शोधण्यासारखे आहे.

तामिळनाडूत करूर व दिंडीगुल जिल्ह्यांत या वेलीची शेती होते हे ऐकून काहीजण एकरभर लागवडीचे मनसुबे करतात. तशी घाई बरी नव्हे. तो मुलूख कोरडा आहे. फुलातील स्त्रीकेसर काटकोनात बाजूला वळलेला असल्याने परागकण त्यावर आपोआप क्वचितच पडतात. तेथील शेतकरी सकाळी हाताने परागीकरण करतात. आपल्याकडे वेल फुलतो तो भर पावसात, तेव्हा हे काम कितपत साधेल ते थोड्या वेलींवर पाहणेच शहाणपणाचे.

त्यासाठी गडग्याची कड उत्तम. निचऱ्याची जांभ्या दगडाची जमीन तिला मानवते. पाणी साचले तर कंद कुजतो. पहिल्या पावसाच्या सुमारास अखंड टोकाचा कंद चार बोटे खोल आडवा ठेवावा. पानांच्या शेंड्यांनाच तणावे असल्याने वेल कुंपण धरून वर चढतो. कंद सड्यावरून न आणता लागवडदाराकडून घ्यावा. पाच-सहा महिन्यांनी बोंडे फिकट पडू लागली की काढून सावलीत वाळवावी.

ही वेल सर्वांगी विषारी आहे, विशेषतः कंद व बी. घरात ठेवल्यास भांडणे होतात हा समज खोटा. विषाची भीती मात्र खरी. गुरांच्या वाटेवर ती लावू नये. कंद हाताळल्यावर हात धुवावेत. करांदे, रताळी यांच्याजवळ तो कधीही ठेवू नये. चुकून शिजवून खाल्ल्यास प्राणावर बेतते. कोणी खाल्ल्याचे कळताच ग्रामसेवकांनी घरगुती उपायांत वेळ न दवडता रोग्यास रुग्णालयात पोहोचवावे, आणि उरलेला कंद डॉक्टरांस दाखविण्यासाठी बरोबर द्यावा.