तालीम आणि वस्ताद

उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हटलं की लाल मातीचा हौदा आणि दंड-बैठका डोळ्यांपुढे येतात. आपला 'उस्ताद'ही 'वस्ताद' होऊन याच मातीत उतरला. दोन्ही भाषा शिकवताना मला वाटतं, वर्गातला गुरू आणि आखाड्यातला गुरू हा भेद आपण फार उशिरा केला.

खाशाबा जाधवांचंच बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण तिथवर जायला पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या लावून ते पैसे फेडले. विद्यार्थी असा घडला होता!

प्राचार्यांनी आधी कॉलेजच्या निकालाचा विचार केला असता तर?

आज आमच्या दापोडीतले पालक विचारतात, "सर, खेळून पोटं भरणार का?" परीक्षा जवळ आली की पहिला बळी पीटीच्या तासाचा जातो आणि आपण शिक्षकही तो तास आनंदाने पदरात पाडून घेतो. कुणी घर गहाण ठेवावं अशी वेळ शिक्षकावर येऊच नये. ती जबाबदारी सरकारची. पण मुलांचा खेळाचा तास त्यांना सोडणं आपल्या हातात आहे. दोस्तहो, निदान तेवढं तरी करू या.