पराभवाचे पाथेय

६ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोच्या ओई हॉकी मैदानावर भारतीय मुलींना अश्रू आवरत नव्हते. ऑलिंपिक कांस्यपदकाची लढत ग्रेट ब्रिटनने ४-३ अशी जिंकली होती. आदल्याच दिवशी पुरुष संघाने जर्मनीला ५-४ असे नमवून हॉकीतील ४१ वर्षांचा पदकांचा दुष्काळ संपवला होता. त्या आनंदात महिला संघाचा पराभव अधिकच झोंबला. क्रीडांगणाचा हिशेब निष्ठुर असतो; चौथ्या क्रमांकाला तेथे पदक नाही. समाजाने ठेवायचा हिशेब मात्र गुणफलकापाशी थांबता कामा नये.

हा संघ कोठून निघाला होता? १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकनंतर भारतीय महिलांना या स्पर्धेचे द्वार पुन्हा उघडण्यास ३६ वर्षे लागली. २०१६ मध्ये रिओत १२ संघांत त्या बाराव्या आल्या. टोकियोतही पहिले तिन्ही सामने गमावले. पैकी नेदरलँड्सकडून ५-१ अशी दाणादाण उडाली. एखादा संघ तेथेच खचला असता. या मुलींनी आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिकेला हरवले आणि उपांत्यपूर्व फेरीत बलाढ्य ऑस्ट्रेलियाला १-० असे घरी धाडले. गोल गुरजीत कौरचा; तो राखला गोलरक्षक सविताने, अभेद्य तटबंदीसारखे उभे राहून. कांस्यपदकाच्या लढतीतही ०-२ अशी पिछाडी असताना अवघ्या काही मिनिटांत तीन गोल करून मध्यंतराला आघाडी घेतली, ती याच संघाने. ही जिद्द दैवाने दिलेली नव्हती. वर्षानुवर्षांच्या सरावाची ती कमाई होती.

आणि कोण होत्या या मुली? कर्णधार राणी रामपाल हरियाणातील शाहाबादच्या गाडा ओढणाऱ्या बापाची लेक. निक्की प्रधान आणि सलीमा टेटे झारखंडच्या वनवासी भागातल्या, लालरेमसियामी मिझोरामची. भाषा, प्रांत, राहणी भिन्न. परंतु एकीच्या हातचा चेंडू दुसरीकडे विश्वासाने जात होता. राष्ट्रीय एकात्मतेवर शेकडो भाषणे होतात. हा त्याचा चालताबोलता पाठ होता.

या पराभवाला एक वेदनादायक किनारही आहे. वंदना कटारिया हरिद्वारजवळच्या रोशनाबादची. मे २०२१ मध्ये वडील गेले तेव्हा ती बंगळूरूच्या सराव शिबिरात होती. अंत्यदर्शनही घडले नाही. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल करून ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक नोंदवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून २-१ अशी हार होताच तिच्या घरासमोर फटाके फोडून जातिवाचक शिवीगाळ झाल्याची तक्रार कुटुंबीयांनी पोलिसांत केली. संघ मैदानावर हरला असेल; येथे हरली ती आपली सामाजिक जाणीव. दोनच दिवसांनी ब्रिटनविरुद्ध वंदनाने देशासाठी पुन्हा गोल केला. याहून समर्पक उत्तर कोणते?

पराभूतांचे कौतुक म्हणजे पराभवालाच विजय म्हणणे नव्हे. हातातली आघाडी निसटली, हे खेळाडूंनी विसरू नये. पण जे कमावले ते जपण्याची जबाबदारी इतरांचीही असते. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत या मुलींनी कांस्यपदक मिळवले. तरी जानेवारी २०२४ मध्ये रांचीत जपानकडून ०-१ अशी हार झाली आणि पॅरिस ऑलिंपिकचे दार बंद झाले. टाळ्यांचा कडकडाट आठवडाभर टिकतो. मैदान, प्रशिक्षक, पोषण आणि पोटापाण्याची शाश्वती वर्षानुवर्षे लागते.

टोकियोचा चौथा क्रमांक ही सांत्वनाची गोष्ट नाही, ते पुढील प्रवासाचे पाथेय आहे. ते वाटेत सांडू न देणे, हीच त्या अश्रूंना दिलेली खरी मानवंदना ठरेल.