बाळंतिणीची खोली आणि बंद दारामागची शेगडी

गेल्या पौषातली गोष्ट. सकाळी साडेसहाला कल्याणच्या जुन्या वस्तीतल्या एका ओळखीच्या घरातून बोलावणे आले. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ बारा दिवसांचे. बाळंतीण आणि तिच्या सोबतीला झोपलेली आजी, दोघींचेही डोके ठणकत होते, मळमळत होते. आजी म्हणाल्या, "काल डिंकाचे लाडू जरा जास्तच झाले, डॉक्टर. पित्त झालंय." मलाही क्षणभर ते पटले. पण एकाच पहाटे दोघींना पित्त कसे व्हावे? शिवाय बाळ मलूल होते, दूध ओढत नव्हते. मी वाकून खाटेखाली पाहिले. कोळशाची शेगडी, वर राखेचा थर, आत अजून लाल निखारे. खिडक्या बंद आणि दाराच्या फटीत जुने लुगडे कोंबलेले!

तिघांनाही तातडीने ओट्यावर आणले आणि तिथून थेट रुग्णालयात पाठवले. तिथे प्राणवायू दिला गेला. तिसऱ्या दिवशी तिघे सुखरूप घरी आले. पण आणखी दोन तास कोणाला जाग आली नसती तर काय झाले असते, हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

आजींना मी रागावलो. त्यांनी शांतपणे विचारले, "माझी चार बाळंतपणं याच खोलीत झाली. शेगडी तेव्हाही होती. तेव्हा कसं काही झालं नाही?" त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. पुढे बाळाला पाहायला गेलो तेव्हा सहज वर नजर गेली आणि उत्तर मिळाले. पूर्वी त्या खोलीवर कौले होती. कौलांच्या फटींतून, भिंत आणि वाशांमधल्या मोकळ्या जागेतून हवा सतत खेळत असे. आता वर प्लास्टरचे छत आले आहे, खिडक्यांना सरकत्या काचा बसल्या आहेत. घर बदलले, शेगडी मात्र तीच राहिली. चूक आजींची नव्हती, चूक या विसंगतीची होती.

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि मग शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. धूर निघत नाही म्हणजे शेगडी निर्धोक, असे पुष्कळांना वाटते. ते चुकीचे आहे. धूर डोळ्यांना झोंबतो, माणसाला उठवतो. हा वायू उलट गुंगी आणतो. कोविडनंतर घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे, पण त्यावरही विसंबू नये. या विषबाधेतही ते आकडा चांगलाच दाखवू शकते. घरातल्या एकाहून अधिक माणसांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळ आणि चक्कर आली, तर आधी सर्वांनी मोकळ्या हवेत यावे आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. खोली उबदार व्हावी म्हणून स्वयंपाकाचा गॅस पेटता ठेवणे किंवा बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावणे, यांतही हाच धोका आहे.

"मग थंडीत कुडकुडायचे का?" असे कोणी विचारील. मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरातल्या तापमानाबद्दल सल्ला देताना थंडीत किमान १८ अंश ही मर्यादा सुचवली. आपल्याकडे ठाणे-कल्याण-डोंबिवलीत पहाटेचा पारा थंडीत पंधराच्या आसपास येतो, कधी त्याहून खाली जातो. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश नोंदले गेले होते. धडधाकट माणसाला आपली नेहमीची थंडी सोसते. पण तान्ह्या बाळाला, सत्तरीपुढच्या माणसाला आणि दमेकऱ्याला तीच थंडी जड जाते. त्यांची सोय करायलाच हवी, मात्र माझे मत असे की आपल्या हवेत खोली तापवण्याच्या मागे लागू नये. माणूस ऊबदार ठेवावा. ते स्वस्तही आहे आणि सुरक्षितही.

पहिला उपाय फुकटचा. दुपारी ऊन असताना खिडक्या उघडाव्यात, गाद्या-गोधड्या उन्हात टाकाव्यात आणि सूर्य कलला की खिडक्या लावाव्यात. आपल्याकडच्या जुन्या तळमजल्यांचे खरे दुखणे थंडी नसून ओल आहे. खोलीत ओले कपडे वाळत घालू नयेत. पन्हळ किंवा नळ गळत असेल तर आधी तो दुरुस्त करावा.

दुसरा उपाय झोपण्याच्या जागेचा. बाहेरच्या भिंतीला चिकटून खाट ठेवू नये, हातभर अंतर सोडावे. जमिनीवर झोपणाऱ्यांनी अंगावर तीन चादरी घेण्यापेक्षा अंगाखाली चटई, सतरंजी आणि त्यावर गोधडी घालावी. गार फरशी अंगातली ऊब खालून ओढून घेते. वाऱ्याच्या झोतासमोरच्या खिडकीला जाड पडदा लावावा, पण वरची झरोक्याची जागा कधीही बुजवू नये. वृद्धांनी कानटोपी आणि पायमोजे घालून झोपण्यात लाज वाटून घेऊ नये.

तिसरा उपाय गरम पाण्याच्या पिशवीचा. पाणी उकळते नसावे आणि पिशवी फडक्यात गुंडाळावी. मधुमेह्यांच्या पायाला चटका कळत नाही, म्हणून त्यांनी झोपण्यापूर्वी अंथरूण शेकून पिशवी बाजूला काढावी. बाळाच्या बाबतीतही हाच नियम. बाळाला सर्वांत चांगली ऊब आईच्या छातीची. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, कमी वजनाच्या बाळांसाठी काचपेट्या अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा आईच्या उघड्या छातीवर बाळ ठेवण्याची पद्धत सुरू झाली. आज ती जगभर मान्य आहे. तिला एक पैसाही लागत नाही.

विजेचा हीटर घ्यायचाच असेल तर हिशेब सोपा आहे: हजार वॅटचा हीटर तासाला एक युनिट खातो. झोपण्यापूर्वी तासभर लावून बंद करावा. जुन्या घरातली वायर तेवढा भार घेईल का, हे आधी तारतंत्र्याकडून तपासून घ्यावे. लांबवलेल्या वायरीवर तो कधीच लावू नये.

या निमित्ताने कल्याणच्याच एका लेकीची आठवण होते. डॉ. आनंदीबाई जोशी ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणात जन्मल्या. फिलाडेल्फियाला शिकत असताना त्यांच्या खोलीतले शेकोटीचे धुराडे नीट चालत नसे. पेटवावे तर धूर, न पेटवावे तर थंडी, असा पेच त्यांच्यापुढे असे. १८८६ साली त्यांनी पदवी मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने त्यांचा अंत झाला. वय बावीसही पूर्ण नव्हते. धूर की थंडी, हा पेच त्यांना परक्या देशात टाळता आला नाही. आपल्याला तो इथे टाळता येतो.

शेकाची शेगडी टाकून द्या, असे मी म्हणत नाही. बाळंतिणीला कंबर-पाठ शेकायला ती ओट्यावर किंवा दारे-खिडक्या उघड्या ठेवून वापरावी आणि शेक झाला की बाहेर नेऊन विझवावी. बाळाच्या खोलीत धुरी मात्र नको. त्याची फुप्फुसे अजून कोवळी असतात.

त्या घरी आता शेगडी अंगणात असते. आजी स्वतः ती बाहेर नेऊन ठेवतात आणि शेजारच्या सुनांनाही बजावतात, "शेक घ्या, पण दार लावू नका."