सवलत कोणाची, खिरापत कोणाची?

जुलै २०२४ पासून 'लाडकी बहीण' योजना लागू झाली आणि कष्टकरी स्त्रीच्या दरमहा १५०० रुपयांना 'रेवडी' म्हणून हिणवण्याची टूम निघाली. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने नव्या कररचनेत बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न आयकरमुक्त करून सुमारे एक लाख कोटींच्या महसुलावर पाणी सोडले. तो मात्र 'दिलासा' ठरला!

धाराशिव जिल्ह्यातील भूम-परंड्याची शेतमजूर बाई आयकर भरत नाही, हे खरे. पण साबणापासून चपलेपर्यंतच्या खरेदीवर ती वस्तू व सेवा कर भरतेच. आयकरातील सूट तिच्या पदरात काहीच टाकत नाही; जिचा आयकरच शून्य, तिला सूट कशातून मिळणार? अमेरिकेने १९७५ साली आयकर न लागणाऱ्या अल्पवेतन श्रमिकालाही रोख परतावा देण्याची तरतूद केली, ती याच पेचावर.

त्याच वर्षी महाराष्ट्राने व्यवसाय कराचा कायदा करून पगारदार-व्यापाऱ्यांचा पैसा रोजगार हमीकडे वळवला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांना वि. स. पागे यांच्या या योजनेने १९७७ च्या कायद्याद्वारे दान नव्हे, हक्क दिला.

फरक नेमका येथे आहे. निवडणुकीच्या तोंडावर दिलेले निवडणुकीनंतर सहज आखडते घेता येते. कायद्याचा हक्क नाकारणाऱ्या सरकारला मात्र जाब विचारता येतो. म्हणून कार्यकर्त्यांनी पंधराशेंचा उपहास करू नये, आणि तेवढ्यावर समाधानही मानू नये. कामाचा व निवृत्तिवेतनाचा हक्क कायद्याने आणि त्यासाठीचा पैसा संपन्नांच्या करातून, हीच समाजवादी चळवळीची मागणी असली पाहिजे.